अपाची फिल्टरमध्ये बाहेरची लायब्ररी बसवल्यावर पान अर्धं येतं, अक्षरं फुटतात: काय आणि कोणत्या क्रमानं तपासावं

अपाची वेब सर्व्हरसाठी कुणीतरी आउटपुट फिल्टर लिहितं. बाहेर जाणाऱ्या पानातले जुने दुवे बदलायचे असतात, एखादा टॅग घालायचा असतो, चित्र लहान करायचं असतं. हे काम करणारी तयार लायब्ररी हाताशी असते: एक्सएमएल आणि एचटीएमएल वाचणारी लिबएक्सएमएल२, एक्सएमएल वाचणारी एक्स्पॅट, मजकूर दाबणारी-उलगडणारी झेडलिब, जेपेग चित्रांची लिबजेपेग. वेगळ्या छोट्या प्रोग्रॅममधून चालवली की ती अचूक उत्तर देते. सर्व्हरमध्ये बसवली की पानं बिघडायला लागतात. हा बिघाड मी इतक्या ठिकाणी दुरुस्त केला आहे की आता लक्षण ऐकल्यावर कुठून सुरुवात करायची ते ठरून गेलं आहे. तोच क्रम इथे देतो. आधी फुकटात आणि पाच मिनिटांत होणाऱ्या तपासण्या, मग कोड उघडावा लागणाऱ्या, आणि शेवटी जिथे थांबून जाणकाराला बोलवावं अशा.

लक्षणं

यातली एक किंवा अनेक दिसतील:

- छोटी पानं नीट येतात, मोठी पानं मध्येच तुटतात.
- मराठी मजकुरात अधूनमधून प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन दिसतो. पानाच्या वरच्या भागात एखादी ओळ वाढवली की चौकोनाची जागा बदलते.
- पान पूर्ण दिसतं, पण ब्राउझर फिरतच राहतो. किंवा क्रोम ‘कन्टेन्ट लेंग्थ मिसमॅच’ अशी चूक दाखवतो, आणि कर्ल हे कमांडनं पान उतरवणारं साधन १८ क्रमांकाची.
- पहिल्याच बाइटला पार्सर (मजकुराची रचना वाचणारा लायब्ररीचा भाग) ‘अवैध दस्तऐवज’ म्हणून थांबतो.
- दुवे बहुतेक बदलतात, पण पानागणिक एखाददुसरा तसाच राहतो.
- आधी थोडं थोडं येणारं पान आता खूप वेळ काहीच देत नाही आणि मग एकदम येतं.
- सर्व्हरच्या प्रक्रियांची मेमरी चढत जाते.
- एरर लॉगमध्ये ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ची (भलत्या मेमरीला हात लावल्याची) ओळ येते, किंवा प्रक्रिया कोणताही सिग्नल न नोंदवता नाहीशी होते.

लक्षणं वेगवेगळी दिसली तरी बहुतेकांचं मूळ एकच असतं. लायब्ररी लिहिणाऱ्यानं गृहीत धरलेलं असतं की अख्खी फाइल समोर आहे. सर्व्हर मात्र फाइल देत नाही, तुकडे देतो. विहिरीवर बादली टाकून हवं तेव्हा हवं तेवढं काढायची सवय असलेल्या माणसाला पाटाच्या पाण्यावर शेती करायला सांगावं, तसं हे आहे: पाणी पाळीनं येईल, कधी कमी कधी जास्त, आणि आलं तेव्हाच वापरावं लागेल. अपाची २.० पासून, म्हणजे २००२ पासून, सर्व्हरची रचनाच अशी आहे. उत्तराचे तुकडे ‘बकेट’मध्ये येतात, बकेटांची माळ म्हणजे ‘ब्रिगेड’, आणि एकाच उत्तरासाठी तुमचा फिल्टर अनेकदा बोलावला जातो. तुकडा कुठे तुटेल याची हमी कुणी देत नाही. एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये नावं वेगळी आहेत, तुकड्यांचं गणित तेच.

म्हणून प्रत्येक तपासणीत मी तीनच गोष्टी शोधतो: तुकड्यांची सुरुवात नीट झाली का, दोन तुकड्यांमधली सीमा नीट सांभाळली का, आणि शेवट नीट झाला का.

दोष फिल्टरचाच आहे का?

कर्लनं मागच्या सर्व्हरवरून, म्हणजे अपाची ज्याच्याकडून पान आणतो त्याच्याकडून, पान थेट उतरवा आणि एका फाइलीत ठेवा. मग तेच पान अपाचीमार्फत, फिल्टर बंद ठेवून उतरवा. मग फिल्टर सुरू करून. तिन्ही फाइली बाइट-बाइट ताडून पाहा. डोळ्यांनी पाहू नका, कारण ब्राउझर बऱ्याच चुका स्वतःच झाकून घेतो.

ही तपासणी सोपी म्हणून लोक टाळतात आणि थेट कोडमध्ये शिरतात. पण मजकूर डेटाबेसमध्येच फुटलेला होता किंवा साच्याची फाइल चुकीच्या एन्कोडिंगमध्ये जतन झाली होती, अशी प्रकरणं कमी नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या फाइलीत फरक नसेल तर फिल्टरला हात लावायचं कारण नाही.

फरक असेल तर तो नेमका कितव्या बाइटला सुरू होतो ते लिहून ठेवा. ८००० किंवा ८१९२ च्या पटीच्या आसपास असेल तर सीमेचा दोष जवळजवळ नक्की. त्याकडे पुढे येतो.

हेडरं वाचा

हेडरं म्हणजे मजकुराआधी येणाऱ्या माहितीच्या ओळी. कर्लला मोठा आय हा पर्याय देऊन ती पाहू नका. त्यानं ‘हेड’ प्रकारची विनंती जाते, आणि तिला मजकूर नसतो. साधी विनंती करून हेडरं वेगळ्या फाइलीत काढा. चार गोष्टी पाहायच्या.

पहिली, कन्टेन्ट-एन्कोडिंग. मागचा सर्व्हर जीझिप करून पाठवत असेल तर तुमच्या पार्सरला एचटीएमएल नव्हे, दाबलेले बाइट मिळतात. जीझिपचे पहिले दोन बाइट १एफ आणि ८बी असतात. ‘पहिल्याच बाइटला पार्सर थांबतो’ या तक्रारीत लॉगमध्ये तेच दोन बाइट सापडतात. सर्वात स्वस्त उपाय कोडमध्ये नाही, कॉन्फिगरेशनमध्ये आहे: रिक्वेस्ट-हेडर या सूचनेनं मागे जाणाऱ्या विनंतीतून ‘ॲक्सेप्ट-एन्कोडिंग’ काढून टाका, म्हणजे मागचा सर्व्हर साधा मजकूर पाठवेल. दुसरा मार्ग म्हणजे फिल्टरांची साखळी ‘इन्फ्लेट, तुमचा फिल्टर, डिफ्लेट’ अशी लावणं. पण इन्फ्लेट जीझिप उलगडतो, ब्रॉटली नाही. अपाचीच्या ब्रॉटली मॉड्यूलमध्ये फक्त दाबणारा फिल्टर आहे. मागचा सर्व्हर ब्रॉटली देऊ शकत असेल तर पहिला मार्गच घ्या.

दुसरी, कन्टेन्ट-लेंग्थ. फिल्टरनं मजकूर वाढवला किंवा घटवला आणि जुना आकडा हेडरमध्ये तसाच राहिला, तर दोनपैकी एक होतं. मजकूर वाढला असेल तर ब्राउझर जुन्या आकड्यावर थांबतो आणि पानाचं शेपूट कापलं जातं. मजकूर घटला असेल तर ब्राउझर न येणाऱ्या बाइटांची वाट पाहत फिरत राहतो. फिल्टर पहिल्यांदा बोलावला जाईल तेव्हाच, पहिला तुकडा पुढे पाठवण्याआधी, हे हेडर काढून टाकायला हवं. एकदा तुकडा पुढे गेला की हेडरं ब्राउझरकडे रवाना झालेली असतात.

तिसरी, ई-टॅग, म्हणजे पानाच्या आवृत्तीची खूण. मजकूर बदलूनही मूळ ई-टॅग राहिला तर फिल्टरची सेटिंगं बदलल्यावरही ब्राउझरला ३०४ (‘बदल नाही’) मिळतं आणि तो जुनंच पान दाखवतो. दुरुस्ती करूनही ‘काहीच बदललं नाही’ असं वाटायला लावणारी ही गोष्ट आहे, म्हणून ती आधी संपवा. त्याच ओघात ‘पानाचा भाग मागता येतो’ असं सांगणारं ॲक्सेप्ट-रेंजेसही काढा.

चौथी, उत्तराचा क्रमांक. ब्राउझरनं पानाचा भाग मागितला आणि मागच्या सर्व्हरनं २०६ देऊन मधलाच तुकडा पाठवला, तर पार्सरला सुरुवातच मिळत नाही. त्या वाटांसाठी विनंतीतून ‘रेंज’ आणि ‘इफ-रेंज’ ही दोन्ही हेडरं काढा आणि फिल्टरला २०६ दिसलं तर त्यानं स्वतःला साखळीतून बाजूला करावं. हेड विनंती आणि ३०४ यांनाही मजकूर नसतो. तिथे रिकाम्या पार्सरला ‘संपलं’ असं सांगितलं की तो ‘दस्तऐवज रिकामा’ म्हणून ओरडतो आणि लॉग उगाच भरतो.

फिल्टर नको तिथे चालतो आहे का?

चित्रं, पीडीएफ, जेसन यांच्यावर एचटीएमएलचा फिल्टर चालत असेल तर त्या फाइली बिघडणारच. मॉड-फिल्टर वापरून कन्टेन्ट-टाइपची अट लावा, आणि कोडमध्येही पहिल्या हाकेला तीच अट तपासा. दोन्हीकडे असलेली बरी.

यातली एक जागा लवकर सापडत नाही. पानातली स्क्रिप्ट मागून एचटीएमएलचा छोटा तुकडा मागवते, समजा यादीतल्या चार ओळी. त्याचा कन्टेन्ट-टाइप बरोबर असतो, म्हणून फिल्टर चालतो. लिबएक्सएमएल२ चा एचटीएमएल पार्सर मात्र अर्धवट दस्तऐवज पाहिला की ‘एचटीएमएल’ आणि ‘बॉडी’ हे टॅग गृहीत धरून स्वतःच सुरू करतो. मग त्या चार ओळींना आख्ख्या पानाचा सांगाडा चिकटून येतो आणि स्क्रिप्ट गोंधळते. ‘नो-इम्प्लाइड’ हा पार्सरचा पर्याय त्यासाठीच आहे. त्याहून खात्रीचं म्हणजे अशा तुकड्यांच्या वाटा फिल्टरमधून वगळणं.

इथे थांबून स्वतःला एक प्रश्न विचारा: हा फिल्टर स्वतः लिहायची गरज होती का? दुवे बदलण्यासाठी मॉड-प्रॉक्सी-एचटीएमएल अपाची २.४ सोबतच येतं, आणि ते लिबएक्सएमएल२ वरच उभं आहे. साध्या शब्दबदलासाठी मॉड-सबस्टिट्यूट आहे. ते ओळीओळीनं काम करतं आणि एका ओळीची मर्यादा मुळात १ एमबी असते. सगळं पान एकाच ओळीत आवळून पाठवणाऱ्या साइटींवर ती मर्यादा वाढवावी लागते. हे पुरत असेल तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही, आणि मला वाटतं बऱ्याच ठिकाणी ते पुरतं.

सीमेवर अक्षर फुटतं आहे का?

मराठी साइटींवर सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि इंग्रजी साइटींवर हा दोष वर्षानुवर्षं झोपून राहू शकतो. कारण साधं आहे. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षर एका बाइटचं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं. ‘क’ म्हणजे ई०, ए४, ९५. ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष, एकूण नऊ बाइट. सलग देवनागरी मजकूर कुठेही कापला तर तीनपैकी दोन वेळा सुरी अक्षराच्या पोटातून जाते.

आता सर्व्हर किती आकाराचे तुकडे देतो ते पाहा. डिस्कवरची फाइल साधेपणानं वाचली की एपीआर, म्हणजे अपाचीची पायाभूत लायब्ररी, ८००० बाइटांचा तुकडा देतं. ८००० ला ३ नं भागलं की २ उरतात. प्रॉक्सीमार्फत येणाऱ्या मजकुराचा बफर मुळात ८१९२ बाइटांचा असतो, त्यालाही ३ नं भागलं की २ उरतात. खऱ्या पानात टॅग आणि जागा मिसळलेल्या असल्यानं नेमकी जागा हलत राहते, म्हणूनच वर एक ओळ वाढवली की काळा चौकोन सरकतो. मेमरी-मॅपिंग (फाइल थेट मेमरीत जोडून वाचणं) सुरू असलेल्या सर्व्हरवर फाइलचा तुकडा ४ एमबीपर्यंत मोठा असू शकतो. त्यामुळे विकसकाच्या संगणकावर दोष दिसत नाही आणि खऱ्या सर्व्हरवर दिसतो. यावरून होणारी ‘माझ्याकडे तर चालतं’ ही वादावादी या दोन आकड्यांनी मिटते.

लिबएक्सएमएल२ चा तुकड्या-तुकड्यानं भरवायचा पार्सर अर्धवट अक्षर पुढच्या तुकड्यासाठी राखून ठेवतो. दोष बहुधा त्याच्या आधीच्या पायरीत असतो: कुणीतरी प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे आयकॉन्व्ह या एन्कोडिंग बदलणाऱ्या साधनातून फिरवतं, किंवा त्याची स्ट्रिंग करून मग पार्सरला देतं. आयकॉन्व्ह दोन वेगळ्या चुका सांगतो, आणि त्यांतला फरक कळणं महत्त्वाचं आहे. ‘ई-इल-सेक’ म्हणजे बाइट खरंच अवैध आहेत. ‘ई-इन-व्हॅल’ म्हणजे अक्षर अर्धवट आहे, पुढचे बाइट द्या. एपीआरचा स्वतःचा रूपांतरक याच अर्थानं ‘इन्कम्प्लीट’ म्हणतो. दोन्हींना एकच समजून प्रश्नचिन्ह छापणारा कोड मी सर्वात जास्त दुरुस्त केला आहे. उपाय असा: उरलेले एक-दोन बाइट फिल्टरच्या संदर्भात, म्हणजे एका हाकेपासून दुसऱ्या हाकेपर्यंत टिकणाऱ्या जागेत ठेवा आणि पुढच्या तुकड्याच्या पुढे जोडा. शेवटची खूण आल्यावरही ते उरले असतील तरच त्यांना चूक माना.

दुसरी सीमा लायब्ररीच्या आत असते आणि ती अधिक फसवी आहे. लिबएक्सएमएल२ असो वा एक्स्पॅट, ‘मजकूर सापडला’ ही हाक (लायब्ररीनं तुमचं फंक्शन बोलावणं) एका परिच्छेदासाठी एकदाच येईल असं नाही. तुकडा संपला, मध्ये अँपरसँडची एंटिटी (एखाद्या चिन्हाऐवजी लिहिलेला संकेत) आली, आतला बफर भरला, की तोच परिच्छेद दोन-तीन हाकांत येतो. तुम्ही मजकुरात एखादा पत्ता किंवा शब्द शोधत असाल आणि तो दोन हाकांत विभागला गेला, तर सापडणार नाही. ‘एखाददुसरा तसाच राहतो’ या लक्षणाचं उत्तर हे. मजकूर साठवत जा आणि पुढचा टॅग सुरू किंवा बंद झाल्यावरच शोधा. साठ्याला मर्यादा घाला, नाहीतर एखादं भलं मोठं पान सगळी मेमरी खाईल. शिवाय या हाकेत मिळणारा मजकूर शून्य बाइटनं संपत नाही. लांबी वेगळी दिलेली असते. लांबी न पाहता शून्यापर्यंत वाचणारा कोड पुढच्या मजकुरात किंवा भलत्याच मेमरीत शिरतो.

मराठी शब्द शोधणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. ‘दर्‍या’मधला अर्धा र काही ठिकाणी र, हलन्त आणि झीरो-विड्थ-जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) असा लिहिलेला असतो, काही ठिकाणी जॉइनरशिवाय वेगळा. दोन्ही पानात असू शकतात. शोधण्याआधी त्यांना एका रूपात आणावं लागतं, आणि ते काम पूर्ण मजकूर साठवल्यावरच करता येतं.

एक्स्पॅट वापरत असाल तर आवृत्ती पाहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या २.६.० पासून अर्धवट राहिलेला मोठा टोकन (टॅगसारखा सुटा घटक) पुन्हा पुन्हा वाचणं ही लायब्ररी मुद्दाम लांबवते. सेवा बंद पाडणाऱ्या एका हल्ल्यावरचा तो उपाय आहे. त्यामुळे तुकडा दिल्याबरोबर हाक येईलच असं नाही. लायब्ररी अद्ययावत केल्यावर ‘मजकूर उशिरा येतो’ अशी तक्रार आली तर कारण हे असू शकतं. ही सोय बंद करता येते, पण पान कुठून येतं यावर तुमचा ताबा नसेल तर बंद करू नका.

सीमेचे दोष योगायोगानं सापडण्याची वाट पाहू नका. अपाचीच्या सोर्समध्ये मॉड-बकेटीअर नावाचं चाचणीचं मॉड्यूल आहे. मजकुरात ठरावीक नियंत्रण-चिन्हं घातली की ते तिथे बकेट तोडतं, ब्रिगेड पुढे पाठवतं किंवा फ्लश करतं, म्हणजे साठलेलं लगेच बाहेर ढकलतं. त्याहून कठोर चाचणी म्हणजे तुमच्या फिल्टरच्या आधी एक छोटा फिल्टर बसवणं, जो प्रत्येक बकेट एकेका बाइटची करतो. एपीआरमध्ये बकेट तोडायचं फंक्शन तयारच आहे. एका बाइटच्या तुकड्यांवर आणि अख्ख्या फाइलवर फिल्टरचं उत्तर सारखंच आलं पाहिजे. हे होत नाही तोवर फिल्टर खऱ्या सर्व्हरवर जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

जुन्या मराठी साइटींबद्दल एक सूचना. युनिकोडच्या आधीची काही पानं विशिष्ट फॉन्टच्या सांकेतिक बाइटांवर चालायची आणि स्वतःचं एन्कोडिंग ‘एक्स-यूझर-डिफाइन्ड’ किंवा पश्चिम युरोपीय सांगायची. असं पान लिबएक्सएमएल२ मधून गेलं की बाहेर यूटीएफ-८ येतं आणि फॉन्टचा मेळ तुटतो. अशा संग्रहांवर हा फिल्टर चालवू नका. आधी मजकुराचं युनिकोडमध्ये रूपांतर, मग बाकी सगळं.

सुरुवात आणि शेवट

इथून पुढे सी कोड वाचता यायला हवा.

पार्सर एका उत्तरासाठी एकदाच तयार व्हायला हवा आणि फिल्टरच्या संदर्भात राहायला हवा. प्रत्येक हाकेला नवा पार्सर बनवणारा कोड छोट्या पानांवर बरोबर चालतो, कारण त्यांना एकच हाक येते. लिबएक्सएमएल२ ला एन्कोडिंग ओळखण्यासाठी पहिल्या खेपेत किमान ४ बाइट लागतात. पहिली बकेट त्याहून लहान असेल तर थांबून गोळा करा. रिकामी ब्रिगेडही येऊ शकते. ती आली तर काही न करता परत फिरा, पुढे पाठवू नका.

बकेट वाचण्याआधी तिच्या लांबीवर विश्वास ठेवू नका. सीजीआय किंवा पाइपमधून येणाऱ्या बकेटची लांबी वाचेपर्यंत माहीतच नसते आणि तिथे उणे एक लिहिलेलं असतं. चिन्हरहित आकड्यात ते प्रचंड मोठं होतं आणि तेवढी मेमरी मागणारा कोड कोसळतो.

पान अडून एकदम येत असेल तर वाचण्याची पद्धत पाहा. आधी न थांबता वाचून पाहायचं. ‘आत्ता काही नाही’ असं उत्तर आलं तर जमलेलं सगळं फ्लश बकेट लावून पुढे पाठवायचं, आणि मग थांबून वाचायचं. फ्लश बकेट वरून आली तर ती गिळू नका. तसंच वाचलेली बकेट लगेच काढून टाका. सगळ्या बकेटी वाचून माळेत तशाच ठेवल्या तर अख्खी फाइल मेमरीत उतरते.

मेमरी चढण्याचं दुसरं कारण म्हणजे प्रत्येक तुकड्यासाठी विनंतीच्या पूलमधून, म्हणजे त्या विनंतीपुरत्या मेमरीच्या साठ्यातून, घेतलेली जागा. विनंती संपेपर्यंत पूल काहीच परत देत नाही. तासभर चालणाऱ्या प्रवाहाला हे झेपत नाही. एकदा घेतलेला बफर पुन्हा पुन्हा वापरा.

शेवटची खूण, म्हणजे ईओएस बकेट, आली की पार्सरला ‘संपलं’ असं एकदाच सांगा, त्यानं राखून ठेवलेला मजकूर बाहेर काढा आणि मग ईओएस पुढे द्या. हा क्रम उलटला की पानाच्या शेवटच्या काही ओळी जातात. पण ईओएस येईलच असं नाही. वाचकानं मध्येच टॅब बंद केला की साखळी तिथेच थांबते. पार्सर मोकळा करण्याचं काम फक्त ईओएसवर सोपवलं असेल तर अशा प्रत्येक विनंतीमागे थोडी मेमरी गळते. मोकळं करण्याचं फंक्शन विनंतीच्या पूलच्या साफसफाईत नोंदवा; ते दोन्ही प्रसंगी चालतं. आणि पुढच्या फिल्टरनं चूक परत केली तर तीच चूक वर परत करा, काम रेटत राहू नका.

लायब्ररी सर्व्हरमध्ये राहायला लायक आहे का?

लायब्ररीची घडण इथे निर्णायक ठरते. तिला तुकडे भरवता येतात का? लिबएक्सएमएल२ आणि एक्स्पॅटला येतात. झेडलिबला येतात. लिबपीएनजीमध्ये टप्प्याटप्प्यानं वाचायची सोय आहे. लिबजेपेगमध्ये ‘आत्ता डेटा नाही’ असं सांगून थांबता येतं. ज्या लायब्ररीला फक्त फाइलचं नाव किंवा पूर्ण बफर लागतो, तिच्यासाठी सगळं साठवण्याशिवाय पर्याय नाही. मग आकाराची मर्यादा घाला आणि ती ओलांडणारं पान न बदलता जाऊ द्या.

चूक झाल्यावर ती काय करते? लिबजेपेगची मूळची चूक-हाताळणी संदेश छापून सरळ ‘एक्झिट’ करते. छोट्या प्रोग्रॅममध्ये ते चालतं. सर्व्हरमध्ये एका खराब चित्रानं अख्खी प्रक्रिया जाते, आणि तिच्यातल्या बाकी सगळ्या थ्रेडवरच्या (एकाच प्रक्रियेत समांतर चालणाऱ्या कामांवरच्या) विनंत्याही. लॉगमध्ये सिग्नल दिसत नाही तो यामुळे. स्वतःची चूक-हाताळणी बसवणं इथे सक्तीचं आहे.

तिची सामाईक स्थिती कोण सांभाळतं? लिबएक्सएमएल२ ची सुरुवात सर्व्हर उभा राहतानाच करा, विनंतीत नाही. तिचं सरसकट साफसफाईचं फंक्शन विनंतीत कधीच बोलावू नका. त्याच प्रक्रियेत पीएचपी चालत असेल तर तीही हीच लायब्ररी वापरत असते, आणि तुम्ही तिच्या पायाखालची जमीन काढून घेता. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या एका प्रक्रियेत आल्या तरी असंच होतं. अपाचीसोबत तेव्हा येणारं एक्स्पॅट आणि पर्लच्या एक्सएमएल-पार्सरमधलं एक्स्पॅट यांची टक्कर होऊन मॉड-पर्लवाल्यांचे सर्व्हर कोसळत असत, ते याच कारणानं. एलडीडी या कमांडनं तुमचं मॉड्यूल आणि बाकीची मॉड्यूलं कोणत्या आवृत्तीला जोडली आहेत ते पाहा.

कोसळण्याचा दोष थ्रेडचा आहे का हे ठरवायला एक स्वस्त प्रयोग आहे. चाचणीच्या सर्व्हरवर इव्हेंट (एका प्रक्रियेत अनेक थ्रेड) या पद्धतीऐवजी प्रीफोर्क (एका प्रक्रियेत एकच) लावा आणि तोच भार द्या. कोसळणं थांबलं तर थ्रेडचा संशय पक्का. हे निदान आहे, उपाय नाही. प्रीफोर्कवर कायम राहायचं की नाही हा वेगळा हिशोब.

कुठे थांबायचं

प्रीफोर्कवर न कोसळणारा आणि इव्हेंटवर कोसळणारा फिल्टर असेल तर थांबा. मेमरी बिघडवणारा दोष अंदाजानं दुरुस्त होत नाही. तो फक्त जागा बदलतो, आणि नंतर दुसऱ्याच मॉड्यूलवर आळ येतो. सर्व्हर रीस्टार्ट करताना कोसळत असेल तरीही थांबा, कारण तिथे मॉड्यूल उतरवणं आणि पुन्हा चढवणं यांत लायब्ररीचे उरलेले संदर्भ अडकतात. बाहेरच्या कुणाचाही एक्सएमएल तुमच्या फिल्टरमधून जात असेल आणि बाह्य एंटिटी (दुसरी फाइल आत ओढणारे संकेत), नेटवर्कवरून फाइल आणणं या गोष्टी बंद आहेत की नाही हे तुम्हाला खात्रीनं सांगता येत नसेल, तर फिल्टर आजच बंद करा आणि सुरक्षेचा जाणकार गाठा. पैशांच्या व्यवहाराची किंवा डिजिटल सही केलेली पानं या फिल्टरमधून जात असतील तर त्या वाटा आधी वगळा, चर्चा नंतर.

बोलवायचं कुणाला? ज्यानं अपाचीची मॉड्यूलं सी भाषेत लिहिली आहेत त्याला. साइट बनवणारा किंवा सर्व्हर भाड्यानं देणारा यात सहसा पुरा पडत नाही, आणि त्याला दोष देऊनही उपयोग नाही. हे त्याचं काम नव्हे.

त्याच्या हाती द्यायचं सामान आधी गोळा केलंत तर त्याचा बराच वेळ आणि तुमचा बराच पैसा वाचतो. एचटीटीपीडी या अपाचीच्या प्रोग्रॅमला मोठा व्ही देऊन येणारी बांधणीची माहिती आणि मोठा एम देऊन येणारी मॉड्यूलांची यादी. प्रत्येक लायब्ररीची आवृत्ती. सुरुवातीला उतरवलेल्या तीन फाइली आणि फरकाचा बाइट क्रमांक. एका बाइटच्या तुकड्यांच्या चाचणीचा निकाल. दोष दाखवणारं सर्वात लहान कॉन्फिगरेशन, आणि तो मोठ्या एक्सनं एकाच प्रक्रियेत चालवल्यावरही दिसतो का याची नोंद. कोसळत असेल तर कोर डंप (कोसळतानाच्या मेमरीची प्रत): त्यासाठी कोर-डंप-डिरेक्टरी ही सूचना लावा आणि यूलिमिटची मर्यादा उठवा. कोर फाइलीत त्या क्षणी सर्व्हरवर असलेल्या लोकांचे पासवर्ड आणि कुक्या असू शकतात. ती ईमेलनं पाठवू नका, चाचणीच्या सर्व्हरवर खोट्या खात्यांनी तयार करा, आणि काम झालं की पुसून टाका.